सांध्यांत सांडणारा वेळ

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते. काही मिनिटांत मागून हलका धक्का बसतो, डबे एकमेकांवर किंचित रेटले जातात, आणि रोजचा प्रवासी पेपरातून मान वर न काढता म्हणतो, ‘बँकर लागला.’ तेवढ्या वेळात खिडकीतून बटाटावडा आत येतो, सुटे पैसे बाहेर जातात आणि गाडी घाटाला लागते. कर्जत ते लोणावळा हे अंतर रुळावरून २८ किलोमीटर आहे. चढ ३७ फुटांना एक फूट असा असल्यामुळे पुढच्या इंजिनाला मागून जोर द्यावा लागतो, आणि एक्स्प्रेस गाडीलाही एवढ्या अंतराला पाऊण तास किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. नकाशावर पट्टी ठेवली तर हीच दोन गावं एकमेकांपासून जेमतेम २० किलोमीटरवर आहेत. प्रवासी विमानाला पूर्ण वेगात तेवढं अंतर कापायला दीड मिनिटही लागत नाही. म्हणजे कर्जत–लोणावळा अंतराची तीन उत्तरं झाली: २० किलोमीटर, २८ किलोमीटर आणि पाऊण तास. तिन्ही बरोबर आहेत, पण प्रवाशाच्या कामाचं त्यातलं एकच. कर्जत–खालापूरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘पुणं किती लांब?’ असं विचारलं तर तो तासांत सांगतो आणि वर विचारतो, ‘कुठल्या गाडीने?’

परदेशाचा विषय निघाला की मात्र हीच माणसं, आणि आपण सगळेच, किलोमीटरवर येतो. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार, मुंबई–दुबई १,९००. शेजारी विमानाचे तास लिहिलेले असतात आणि त्या दोन आकड्यांत प्रवास मावला असं वाटतं. माझं म्हणणं असं की या आकड्यांतून प्रवासाचा सर्वांत कमी बदलणारा भाग तेवढा कळतो. विमान एकदा वर गेलं की ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास ते जातच राहतं, त्यात फारसं कमीजास्त होत नाही. वेळ जातो तो सांध्यांत: गाडी बदलताना, रांगेत, ताटकळत, वळसा घालताना. रेल्वेत सांधा म्हणजे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायची जागा. गाडी तिथेच हळू होते. लांबच्या प्रवासालाही असेच सांधे असतात. गेल्या दीडशे वर्षांत प्रवास जो आखूड झाला, तो मुख्यतः ते काढून टाकल्यामुळे झाला, आणि याचा पहिला पुरावा कर्जत–लोणावळ्यामधल्या बोरघाटातच सापडतो.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीला पोहोचला, आणि १८५८ साली खंडाळा ते पुणे हा वरचा मार्ग सुरू झाला. मधला घाट उरला. पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. दोन्हीकडे आगगाडी असूनही वेळ खात होता तो मधला तुकडा. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला. त्याची लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५. ते काम करताना हजारो मजूर मेले, हे त्या आकड्यांच्या शेजारी लिहायला हवं. सांधा गेला, पण एक लहानसा राहिलाच. खंडाळ्याजवळ वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका टोकावर नेऊन थांबवायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा, अशी सोय केलेली होती. हे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ १९२९ साली नवा मार्ग काढून बंद केलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, विजेच्या इंजिनावरची डेक्कन क्वीन धावली. डेक्कन क्वीनचं कौतुक सगळे करतात, तिची वाट मोकळी करणाऱ्या त्या बदलाचं नाव क्वचितच कोणी घेतं.

रस्त्याचंही असंच झालं. घाटातून बैलगाडीचा रस्ता १८३० साली खुला झाला. ही वाट साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली असं लोक सांगतात, आणि घाटातल्या त्याच्या देवळापाशी अजून गाड्या थांबतात, नाणी पडतात. (अंतर कमी करणाऱ्याचं देऊळ व्हावं हे मला अगदी रास्त वाटतं.) त्या रस्त्याबरोबर बांधलेला अमृतांजन पूल पुढे द्रुतगती मार्गाच्या मध्ये येऊन वाहतुकीचा गळा आवळू लागला, आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे, पण त्याची कीर्ती आणि बदनामी ठरते ती खालापूरचा टोलनाका ते लोणावळा एवढ्याच पट्ट्यावर. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळली तेव्हा अख्ख्या मार्गाची किंमत त्या शेपन्नास मीटरवर आली. खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प १९ किलोमीटरचं अंतर १३.३ किलोमीटरवर आणतो. वाचतात सहा किलोमीटर, पण वेळ वाचावा अशी अपेक्षा आहे वीस-पंचवीस मिनिटांची. सपाट रस्त्यावर सहा किलोमीटरला चार मिनिटं पुरतात. उरलेली पंधरा-वीस मिनिटं घाटाची, वळणांची आणि पुढच्या ट्रकची.

आता आकाशात पाहू. पहिला समज असा की विमान सरळ रेषेत जातं. जातं, पण भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेषेत नव्हे. घरातल्या संत्र्यावर दोन ठिपके काढून दोरा ताणला तर तो ज्या वाटेने घट्ट बसतो ती सर्वांत जवळची वाट. मुंबई–न्यूयॉर्कसाठी असा दोरा ताणला तर तो पश्चिमेला अरबी समुद्राकडे न जाता वायव्येहून थोडा उत्तरेकडे निघतो आणि मध्य आशिया, रशिया, स्कँडिनेव्हिया ओलांडत आइसलँडच्या पूर्वेला जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत चढतो, मग खाली उतरत न्यूयॉर्कला पोहोचतो. लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर. ‘विमानाचं अंतर’ म्हणून छापतात तो आकडा या दोऱ्याचा असतो, आणि तो दोरा आकाशात कुठेही बांधलेला नाही. फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली ती जुलैच्या मध्यापर्यंत, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांसाठी ती पुन्हा बंद झाली. रशियाची हद्द २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद आहे. एकही शहर जागचं हललं नाही, तरी प्रवास लांबला. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. आडोशीची दरड आणि बंद आकाश यांत वेळेपुरता फरक काही नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार प्रवाह वाहतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्यामुळे मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास, तर परत येताना नऊच्या आसपास तास लागतात. इथे एक शंका हमखास येते: जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळतं, मग हिशेब जुळला की! नाही जुळत. समजा अंतर ७,२०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ९०० आहे. वारा नसेल तर जाऊन-येऊन १६ तास. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना वेग ८०० आणि वेळ ९ तास, येताना वेग १,००० आणि वेळ ७ तास १२ मिनिटं, म्हणजे एकूण १६ तास १२ मिनिटं. कारण सोपं आहे, विरोधी वाऱ्यात आपण जास्त वेळ काढतो आणि पाठीच्या वाऱ्यात कमी. घाटात तर याहून वाईट, चढताना गाडी दमते म्हणून हळू आणि उतरताना ब्रेक जपायचे म्हणून हळू. ठाकूरवाडी, मंकी हिलच्या बाजूला रुळांच्या आडव्या चढत्या फांद्या दिसतात, त्या उतारावर आवरता न आलेल्या गाडीला अडवण्यासाठी ठेवलेल्या आहेत. ज्या उतारावर अशी सोय करावी लागते तिथे कोणी वेळ भरून काढायला जात नाही.

पण वारा आणि वळसा या दोहोंचा मिळून होणारा फरकही बहुतेक प्रवासांत एक-दोन तासांचाच असतो. मोठा वाटा जमिनीवरच्या थांब्यांचा, आणि त्याचा चांगला पुरावा दुबईमार्गे जाणाऱ्या प्रवासात आहे. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–लंडन ५,४८० मिळून सुमारे ७,४०० किलोमीटर होतात. थेट अंतर ७,२००. दुबई वाटेवरच आहे म्हणा ना, शेकडा तीनच वाढले. पण मध्ये उतरायचं, पुन्हा तपासणी, तीन तास बसायचं, पुन्हा चढायचं. दहा तासांचा प्रवास चौदावर जातो, म्हणजे वेळ शेकडा चाळीस वाढला. तिकीट स्वस्त असतं, म्हणून लोक तसे जातात, आणि त्यात चूक काही नाही. फक्त स्वस्त काय झालं आणि महाग काय झालं हे किलोमीटर पाहून कळणार नाही.

इतिहासही तेच सांगतो. सुएझ कालवा १८६९ साली झाला तेव्हा मुंबई–लंडन हा आफ्रिकेला वळसा घालून जाणारा सुमारे १९,८०० किलोमीटरचा सागरी मार्ग ११,६०० वर आला. बोटी त्या दिवशी वेगवान झाल्या नाहीत, एक अडथळा कापला गेला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० साली बोइंग ७०७ आलं आणि त्याच वर्षी एअर इंडिया न्यूयॉर्कलाही जाऊ लागली. इथे वेग खरोखरच वाढला, पंख्याच्या विमानाहून जेट कितीतरी वेगाने जातं. पण त्यानंतर? ७०७ चा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरातला होता, आजच्या ७८७ चाही तेवढाच आहे. कॉन्कॉर्डने ध्वनीहून दुप्पट वेग गाठला आणि २००३ साली ते विमान निवृत्त झालं. साठ वर्षांत वेग तसाच राहिला, तरी मुंबई–न्यूयॉर्क प्रवास आखूड झाला, कारण मधले थांबे गेले.

यावर एक साधा आक्षेप आहे: वेळापत्रकात तास दिलेलेच असतात, मग किलोमीटरवर राग कशाला? वेळापत्रकातला वेळ म्हणजे विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर दाराशी थांबेपर्यंतचा. धावपट्टीची रांग, आकाशात घातलेल्या घिरट्या हे त्यात अंदाजाने धरलेलं असतं, आणि वक्तशीरपणाचा आकडा चांगला दिसावा म्हणून कंपन्या थोडा सढळ हातानेच धरतात. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी खरं काम एकीवरच होतं. ही रांग वेळापत्रकात निदान धरलेली असते, म्हणून हे तास किलोमीटरपेक्षा नक्की बरे. पण तेही दारापासून दारापर्यंतचे असतात, आणि ती दारं विमानाची, घराची नव्हेत. त्यात घड्याळाचा घोटाळा वेगळा. रात्री दीडला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरलं तर कागदावर सहा तास दिसतात, प्रत्यक्षात साडेपंधरा-साडेसोळा झालेले असतात. आपल्याकडे हा घोटाळा घाटाखालीही होता. १८७० च्या दशकात रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई स्वतःच्या वेळेवर. दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचं अंतर. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून आली, तरी मुंबईने आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही, आणि ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. तेव्हा गाडी पकडायची म्हणजे आधी कोणतं घड्याळ हे ठरवावं लागे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. किलोमीटरला अर्थ नाही असं कसं म्हणता? इंधन किलोमीटरवर जळतं, धूर किलोमीटरवर होतो, विमान कुठवर न थांबता जाईल हेही त्यावरच ठरतं. हे सगळं मान्य. कंपनीसाठी, वैमानिकासाठी, पर्यावरणाचा हिशेब मांडणाऱ्यासाठी तो आकडा पहिला आहे. ७,२०० किलोमीटरला ९०० च्या वेगाने आठ तास लागणार, त्यात तडजोड नाही. तळाची रेघ त्याने आखली जाते. माझा मुद्दा त्या रेघेच्या वरचा आहे, कारण प्रवाशाच्या हातात तेवढंच असतं. लांबच्या प्रवासात तळाची रेघ मोठी म्हणून सांधे कमी खुपतात. जवळच्या प्रवासात सांधेच प्रवास होऊन बसतात. मुंबई–दिल्ली हवेत दोन-सव्वादोन तास, पण खोपोलीच्या माणसाचे सात जातात.

कर्जतहून लंडनचा हिशेब मांडून पाहू. मुंबई विमानतळ सरळ रेषेत इथून पन्नास किलोमीटरवर आहे. लोकलने निघालं तर घाटकोपरला उतरायचं, मेट्रो धरून मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो धरून टर्मिनल दोन. सामानासकट दोन वेळा बदल. गाडीने निघालं तरी वेळेची खात्री नसल्यामुळे आपण तासभर आधीच निघतो, आणि तो राखीव तासही प्रवासच असतो. अडीच तास पोहोचायला, तीन तास आधी हजर राहायला, पावणेदहा विमानात, दीड तास तिकडे बाहेर पडून शहरात शिरायला. साधारण सतरा तास. ताशी ९०० च्या विमानाने केलेल्या या प्रवासाचा सरासरी वेग ४३० सुद्धा भरत नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरला आणि रांगांना मिळून साडेपाच तास, पुढच्या सात हजार दोनशेला पावणेदहा. खोपोलीकरांचं आणखी एक दुखणं आहे. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोली हे अंतर १५ किलोमीटरचं, वेळ पंचवीस मिनिटांचा, पण एक लोकल चुकली की पुढचीची वाट त्याहून कितीतरी जास्त पाहावी लागते. आठवड्यातून तीनच दिवस जाणाऱ्या विमानाचंही तसंच. नसलेल्या गाडीची वाट पाहणं कोणत्याच अंतरात मोजलेलं नसतं.

मग नवी मुंबईचं विमानतळ झाल्याने हे सुटलं का? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं उडू लागली. कर्जतपासून ते सरळ रेषेत तीसएक किलोमीटरवर आहे, खोपोलीपासून पस्तीसएक. लंडन त्यामुळे काही जवळ आलं नाही, पण घराकडचा सांधा आखूड व्हायची शक्यता आली. शक्यता म्हणायचं कारण, आपल्याला हवं ते विमान तिथून सुटत असेल तर, आणि तिथपर्यंत जायची सरळ सोय असेल तर. कर्जत–पनवेल रूळ आहे, त्यावरून लांबच्या गाड्या जातातही. पण लोकलने जायचं म्हणजे कल्याण, ठाणे करून पनवेलला उतरायचं, शंभरेक किलोमीटरचा वळसा. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पातला पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग २९.६ किलोमीटरचा आहे. वाटेत चिखले, मोहापे, चौक ही स्टेशनं, आणि वावर्ल्याच्या डोंगरातून अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. या मार्गावर लोकल रोज किती धावणार, पहाटेच्या विमानासाठी पहिली गाडी किती वाजता सुटणार, आणि पनवेलला उतरल्यावर टर्मिनलच्या दारापर्यंत बॅगा घेऊन काय धरायचं, या तीन उत्तरांवर कर्जत–लंडन अंतर ठरेल.